पांढऱ्यावरची पिवळी झाक

नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा पहिले चार दिवस मला काहीच दिसलं नाही. पाचव्या दिवशी एक कोरी फाइल पडदाभर उघडली आणि उजवीकडचा भाग चहा सांडून पुसलेल्या कागदासारखा वाटला. डावीकडे दूध, उजवीकडे साय. आईला दाखवलं, तिला दिसेना. भावाला 'तू म्हणतोयस म्हणून' दिसलं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं पडद्यावर आळीपाळीनं लाल, हिरवा, निळा रंग भरला, मेलेला पिक्सेल एकही सापडला नाही, आणि तो म्हणाला, "पॅनेल ओके आहे, सर."

त्याचंही खरं होतं. पिक्सेल सगळे जिवंत होते. खोट होती ती पांढऱ्यात, आणि लॅपटॉपचा पांढरा हे मोठं नाजूक प्रकरण आहे.

ज्यांच्या घरात पांढऱ्या कपड्यांना नीळ दिली जायची, त्यांना हे लवकर कळेल. धुऊन धुऊन सदरा पिवळा पडतो. मग बादलीत नीळ कालवून त्यात तो बुडवायचा, की पिवळेपणा जातो आणि सदरा पांढरा दिसू लागतो. तोलून पाहिलं तर निळ्यानं पिवळ्याला फक्त मारलेलं असतं. लॅपटॉपच्या पडद्यामागचे दिवेही याच जोडीवर चालतात, फक्त तिथे वजाबाकीऐवजी बेरीज असते. पडद्याच्या कडेला बसवलेल्या पट्टीतला प्रत्येक बारीक एलईडी मुळात निळा असतो. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४५० नॅनोमीटर. त्यावर फॉस्फरचा पिवळा लेप असतो. थोडा निळा प्रकाश लेपातून तसाच बाहेर पडतो, उरलेला लेप शोषून घेतो आणि त्याच्या बदल्यात पिवळा प्रकाश देतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. असा भरवशाचा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं, की ते जमवल्याबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता नीळ देणाऱ्यालाच ठाऊक असलेली गोष्ट. नीळ नीट विरघळली नाही तर सदऱ्यावर ढग उठतात. एलईडीचंही तसंच. लेप केसभर जाड झाला की दिवा पिवळट, पातळ राहिला की निळसर. कारखान्यातून निघालेले दिवे त्यामुळे एकसारखे नसतातच. ते मोजून, छटेप्रमाणे निवडून, वेगवेगळ्या खणांत टाकावे लागतात. या खणांची मापं ज्या कामावरून आली, ते १९४२ सालचं आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरला कोडॅकच्या प्रयोगशाळेत डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी एकाच रंगाशी पुन्हा पुन्हा जुळवाजुळव करायला लावून, माणसाचा हात किती चुकतो ते मोजलं. रंगांच्या नकाशावर ती चूक लंबवर्तुळाच्या आकाराची निघाली, आणि नकाशाच्या प्रत्येक भागात त्या लंबवर्तुळाचा आकार निराळा. आजही दिव्यांचे व्यापारी 'तीन स्टेप', 'पाच स्टेप' असं बोलतात ते याच लंबवर्तुळांच्या पटीत. खण जेवढा लहान, तेवढा दिवा महाग. स्वस्त लॅपटॉपची पट्टी कोणत्या खणातून भरली असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण दिवे अगदी जुळे निवडले तरी पुढचा प्रवास उरतोच. पट्टी असते एका कडेला, लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा खालच्या, आणि उजेड हवा असतो सगळ्या पडद्यावर. त्यासाठी पिक्सेलांच्या मागे पारदर्शक प्लॅस्टिकची एक पातळ पाटी असते. प्रकाश कडेतून आत शिरतो आणि दोन्ही पृष्ठांवर आपटत, परावर्तित होत पलीकडे धावतो. पाटीवर बारीक ठिपके कोरलेले किंवा छापलेले असतात. ज्या ठिपक्यावर प्रकाश आदळतो तिथून तो बाहेर पडतो. दिव्यांजवळ ठिपके विरळ, दूर गेल्यावर दाट. नाहीतर जवळचा भाग सगळा उजेड खाऊन टाकेल. शेताला पाट देताना वरच्या वाफ्यांची दारं लहान ठेवतात, तोच हा विचार.

पाणी सगळीकडे पुरवता येतं, पण त्याची चव सगळीकडे सारखी राहत नाही. प्लॅस्टिकमधून जाताना निळा प्रकाश पिवळ्यापेक्षा थोडा जास्त शोषला जातो आणि जास्त विखुरतोही. प्रवास जितका लांब, तितका निळा कमी. म्हणून दिव्यांपासून लांबच्या टोकाला पिवळसर झाक येण्याकडे या रचनेचा मुळातच कल असतो. कारागिरी चांगली असेल तर तो कल दिसण्याइतका उरत नाही, एवढंच.

एवढं सगळं झाल्यावर प्रकाश द्रव-स्फटिकांपर्यंत पोचतो. हा पदार्थ वाहतो द्रवासारखा आणि वागतो स्फटिकासारखा. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनिट्झर यांना गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं एक संयुग दोनदा वितळताना दिसलं. १४५ अंशांच्या आसपास ते वितळून गढूळ झालं, आणि १७८ च्या पुढे गेल्यावर एकदम स्वच्छ. मधला तो गढूळ टप्पा आज आपल्या मांडीवर आहे. पडद्याच्या दोन काचांमध्ये त्याचा थर साधारण साडेतीन मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या विसाव्या भागाएवढा. हा थर ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाची दिशा वळवतो, आणि किती प्रकाश पलीकडे जाणार ते त्यावर ठरतं. गोम अशी, की हे वळणं तरंगलांबीवर अवलंबून असतं. आज बऱ्याच लॅपटॉपांत असलेल्या आयपीएस पद्धतीच्या पॅनेलमध्ये थराची जाडी अशी धरतात, की हिरव्या प्रकाशाला, म्हणजे सुमारे ५५० नॅनोमीटरला, सर्वांत मोकळी वाट मिळावी. समजा एखाद्या जागी थर ०.१ मायक्रॉननं जाड झाला. म्हणजे जेमतेम तीन टक्के. ती मोकळी वाट तेवढ्यानं पंधरा-सोळा नॅनोमीटर पिवळ्याकडे सरकते. थर तेवढाच पातळ झाला तर निळ्याकडे. तीस सेंटिमीटर रुंदीच्या दोन काचा एकमेकींपासून इतक्या नेमक्या अंतरावर धरायच्या, तेही त्या धातूच्या चौकटीत आवळून, बिजागरीला जोडून, बॅगेत कोंबून. मला तर आश्चर्य वाटतं ते बहुतेक पडदे पांढरे असतात याचं.

काच दाबली गेली की आणखी एक भानगड होते. ताणाखालची काच स्वतःच प्रकाशाचं ध्रुवण बदलायला लागते. हे डेव्हिड ब्रूस्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं. काळ्या पडद्यावर कोपऱ्यांतून जो राखाडी-पिवळा उजेड पाझरताना दिसतो, त्यात चौकटीच्या आवळणीचा हात पुष्कळदा असतो.

कारखान्यांत या सगळ्या ढगाळपणाला मिळून एकच शब्द आहे: मुरा. शब्द जपानी, अर्थ असमानपणा. पडद्यांच्या धंद्यात तो जगभर तसाच वापरतात, आणि मुरा किती ठळक आहे हे मोजण्यासाठी सेमू नावाचं मापही आहे. आपल्याकडे मुरतं ते लोणचं, आणि मुरल्यावर ते सुधारतं. हा मुरा वापरून वापरून मुरेल अशी आशा धरू नये.

ओलेड पडद्यांत मागचे दिवेच नसतात, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो. म्हणून तिथे गोष्ट बदलते, संपत नाही. पिक्सेलला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर एकसारखे नसले की फरक पडतो, आणि तो सर्वांत जास्त दिसतो मंद उजेडात. रात्री ब्राइटनेस खाली आणून राखाडी पान उघडा. काही पडद्यांवर एक बाजू हिरवट, दुसरी गुलाबी दिसेल. अशा पॅनेलांचा कॅमेऱ्यानं फोटो काढून, कुठे किती चुकतंय त्याचा तक्ता त्या पॅनेलच्याच स्मृतीत साठवायची पद्धत आहे. तिला 'डीमुरा' म्हणतात.

आता आईला का दिसलं नाही, याकडे येतो. मला हा भाग सर्वांत आवडतो.

खिडकीशेजारची पांढरी भिंत बघा. खिडकीजवळचा उजेड आणि दुसऱ्या टोकाचा उजेड यांत सहज दुपटीचा फरक असतो, पण आपण बेधडक 'एकसारखी पांढरी' म्हणतो. हळूहळू बदलत जाणारा उजेड डोळ्याला फारसा कळत नाही. त्याला कडा हव्या असतात. लॅपटॉपच्या कोपऱ्यात मध्यापेक्षा वीस टक्के उजेड कमी असला तरी सहसा कुणी तक्रार करत नाही ते त्यामुळेच. रंगाचं मात्र उलट आहे. १९८५ साली कॅथी म्युलन यांनी निव्वळ रंगाचे पट्टे दाखवून डोळ्याची क्षमता मोजली. बारीक पट्ट्यांच्या बाबतीत रंग ओळखणारी नजर फार लवकर हरते, पण रुंद, पसरट पट्ट्यांच्या बाबतीत ती उजेडासारखी ढेपाळत नाही. या निष्कर्षाच्या पहिल्या अर्ध्या भागाचा फायदा आपण रोज घेतो: जेपेग फोटोत रंगाचा बारीक तपशील टाकून दिलेला असतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाचा तोटा माझ्या वाट्याला आला. वितभर पसरलेली फिकट पिवळी झाक हेच या नजरेचं आवडतं खाद्य.

पण नजर थांबली की खाद्यही विरतं. एकाच बिंदूकडे टक लावून पाहत राहिलं तर आजूबाजूच्या फिकट छटा नाहीशा होतात, हे स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी १८०४ सालीच नोंदवलं होतं. आई मी बोट दाखवलं तिथे टक लावून बघत होती. मी डावीकडून उजवीकडे वाचत होतो, ओळीमागून ओळ.

आता प्रश्न असा, की ही झाक खरंच पडद्यात आहे की माझ्या बसण्यात? चौदा इंची पडद्यापासून पन्नास सेंटिमीटरवर बसलं तर त्याचा कोपरा सुमारे वीस अंशांतून दिसतो, आणि जुन्या धाटणीच्या टीएन पॅनेलमध्ये तेवढ्या कोनानंही रंग बदलतो. याची परीक्षा फुकट आहे. खोलीतले दिवे मंद करा, नाइट मोड बंद करा, पडदाभर फिकट राखाडी रंग भरा आणि लॅपटॉपच उलटा धरा. झाक पडद्याबरोबर फिरून दुसऱ्या हाताला आली तर ती पॅनेलची. होती तिथेच राहिली तर कोन, खिडकी किंवा स्वतःचा डोळा. दोन डोळ्यांना रंग किंचित वेगळे दिसणं अगदी सामान्य आहे, तेव्हा एकेक डोळा मिटूनही पाहावं. मग राखाडी गडद करत न्या. गडद-फिकट सगळ्या छटांवर झाक सारखीच राहिली तर संशय मागच्या दिव्यांवर आणि पाटीवर जातो. छटेगणिक बदलत गेली तर बहुधा द्रव-स्फटिकांच्या थरावर.

दुसरी परीक्षा आणखी चोख आहे. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दोन भोकं पाडा, एक डाव्या टोकाशी, एक उजव्या. पुठ्ठा पडद्यापुढे धरला की मधला सावकाश बदल झाकला जातो आणि दोन पांढरे ठिपके समोरासमोर येतात. आईला तो फरक तेव्हा एका सेकंदात दिसला. "हा तर पिवळा आहे की रे," ती म्हणाली, जणू मी इतके दिवस उलटंच सांगत होतो.

मोबाइलनं काढलेल्या फोटोवर मात्र फार विसंबू नका. फोन पांढऱ्याचा तोल आपल्या मनानं लावतो, आणि त्याच्या भिंगाच्या कडांचा दोषही फोटोत मिसळतो. फोटो काढायचाच तर तोल कुलूपबंद करून एक सरळ लॅपटॉपचा आणि एक उलट्या लॅपटॉपचा असे दोन काढावेत. सर्व्हिस सेंटरमध्ये ही जोडी शंभर शब्दांपेक्षा जास्त चालते.

रंग जुळवून देणारी सॉफ्टवेअर आणि यंत्रंही मी वापरून पाहिली. तिथे अडचण अशी, की यंत्र बहुधा पडद्याच्या मध्यावर ठेवून मोजतात आणि दुरुस्ती सगळ्या पडद्याला एकसारखी लागू होते. कॉलर पिवळी म्हणून अख्खा सदरा निळीत बुडवल्यासारखं. माझी उजवी बाजू पांढरी झाली, डावी बाजू थंड निळी. काही महागड्या व्यावसायिक मॉनिटरमध्ये पडद्याच्या प्रत्येक भागाला वेगळी दुरुस्ती देण्याची सोय असते. लॅपटॉपमध्ये ती मी तरी पाहिलेली नाही.

मेलेल्या पिक्सेलांची मोजदाद करता येते म्हणून त्यांचे नियम झाले; किती मेले तर पडदा बदलून मिळेल याचे आकडे कंपन्या देतात. झाकेला आकडा देणारी उपकरणं आहेत, पण वॉरंटीच्या कागदावर तो आकडा सहसा येत नाही, आणि येईपर्यंत 'ओके आहे' म्हणणारा मुलगा ओकेच म्हणणार. त्यामुळे पुठ्ठ्याची ती परीक्षा परत करण्याच्या मुदतीत, खोकं फेकून देण्याआधी करावी. माझं खोकं तोवर रद्दीवाल्याकडे पोचलं होतं. आता मी लिहायची फाइल डावीकडे ठेवतो, आणि उजवीकडच्या सायीवर दिवसभर मेलबॉक्स उघडा असतो.