रत्नागिरी-सिंधुदुर्गची माणसं नेमकी गेली कुठे? थोडी पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात फक्त तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि तिसरा मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई. पहिल्या दोघांची लगेच बातमी झाली, कोकण ओस पडतंय वगैरे, तिसऱ्याकडे त्या अंगाने फारसं कोणी बघितलं नाही. मला विचाराल तर हे तीन आकडे एकत्रच वाचायला पाहिजेत, कारण गेली दीडशे वर्षं हा एकच संसार दोन ठिकाणी मांडलेला आहे आणि फक्त तळकोकणाचे आकडे घेऊन बसलं की काहीच नीट कळत नाही.

आकडे आधी सांगून टाकतो. रत्नागिरी २००१ ला १६ लाख ९७ हजार होती ती २०११ ला १६ लाख १५ हजार झाली, सिंधुदुर्ग ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर आला. दोन्ही मिळून लाखभर माणसं कमी. शहरी लोकसंख्या रत्नागिरीत १६ टक्के आणि सिंधुदुर्गात तर १२-१३ टक्केच, बाकी सगळं खेडं, आणि खेडं म्हणजे पण घाटावरच्यासारखं एका गावठाणात दाटीने बसलेलं गाव नाही, एका गावाच्या आठ-दहा वाड्या, वाडीत पंधरा-वीस घरं, मधे टेकाड, वहाळ, रान.

मग तो प्रसिद्ध आकडा. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६, आणि राज्याचा आकडा ९२९. हे वाचून बरेच जण कोकणात बघा मुलींना कसा मान आहे म्हणून कौतुक करतात. कौतुक करायला माझी हरकत नाही पण शून्य ते सहा वयाच्या मुलांचा आकडा काढून बघा, तिथे मुली मुलांपेक्षा कमीच आहेत, इतर जिल्ह्यांसारख्याच. रत्नागिरीत बायका पुरुषांपेक्षा ९२ हजारांनी जास्त भरतात त्याचं कारण एवढंच की कमावत्या वयाचा पुरुष जनगणनेच्या दिवशी गावात नव्हता. तो डोंबिवलीत होता, नालासोपाऱ्यात होता, कुवेतला होता. म्हाताऱ्या माणसांचं प्रमाणही इथे राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे ते त्याचमुळे.

आता हे सुरू कधी झालं. आधी लक्षात घ्या की १ मे १९८१ च्या आधी सिंधुदुर्ग वेगळा नव्हताच, सगळा मिळून एकच रत्नागिरी जिल्हा होता, मंडणगडपासून पार सावंतवाडी-दोडामार्गपर्यंत, त्यामुळे जुने आकडे कुठे दिसले तर ते दोन्हीचे मिळून धरायचे. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण जमीन जांभ्याची, डोंगरउताराची, सपाट मळा फार थोडा. भात व्हायचं ते वर्षभर पुरायचं नाही. वरच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर नाचणी, वरी. त्यात खोती. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला वसुलीवाला, अख्ख्या गावाचा सारा तो भरणार आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेणार, किती घेणार हे बऱ्याच अंशी त्याच्याच हातात. कुणबी, महार अशी जी कुळं राबायची त्यांच्याकडे पीक आल्यावर जे उरायचं त्यात घर चालणं शक्यच नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, प्रत्यक्षात कायदा झाला १९४९ ला. म्हणजे गिरण्या सुरू झाल्यावर पुढची जवळजवळ शंभर वर्षं गावातून बाहेर ढकलणारं कारण जसंच्या तसं होतं.

बाहेर जायच्या वाटा दोन. एक पलटण. मुंबई इलाख्याच्या फौजेत रत्नागिरीची माणसं भरपूर, मराठे आणि महार दोन्ही, पेन्शनीवर आलेले शिपाई-सुभेदार दापोलीला राहायचे, जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात ते त्यावरूनच. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे तिथून जवळच, मंडणगड तालुक्यात, आणि वडील सुभेदार होते, हे त्याच साच्यातलं. पण १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती सरकारने बंद केली आणि एका मोठ्या समाजाची ती वाट बुजली.

दुसरी वाट मुंबईची. १८५० च्या दशकात तिथे कापड गिरण्या सुरू झाल्या. १८८० च्या गेझेटियरमध्येच लिहिलंय की भात कापून झालं की हजारो माणसं मुंबईला मजुरीला जातात आणि पावसाच्या तोंडावर पेरणीला परत येतात. पुढे हे येणं-जाणं कायमचं झालं. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. रेल्वे नाही, रस्ता धड नाही, जायचं ते आगबोटीने, हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत घेत. पावसाळ्यात बोटी बंद.

मुंबईला जाऊन राहायचं कुठे तर गावाच्या खोलीत. परळ-लालबाग-काळाचौकीला गावमंडळांनी, म्हणजे एकेका गावच्या मुंबईकरांच्या संघटनांनी, चाळीत खोल्या घेऊन ठेवलेल्या असायच्या, महिन्याला अमुक वर्गणी, एका खोलीत वीस-पंचवीस जण, पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा पुरायची, ट्रंका भिंतीला, वळकट्या खुंटीला. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाई पण बहुतेक वेळा आपल्याकडचीच. बायको-मुलं गावाला. पगार झाला की पोस्टात रांग लावून मनीऑर्डर. या जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेला मनीऑर्डरची अर्थव्यवस्था म्हणायचे ते काही टोमणा म्हणून नाही, गावातलं दुकान, शाळेची फी, देवळाचं छप्पर, लग्न, आजारपण सगळं त्या पैशावर. शेत मात्र घरची बाई बघायची, नांगराला फक्त गडी सांगायचा. त्यामुळे गावगाड्यात निर्णय मुंबईकरांचे आणि कष्ट गावकरणीचे असं एक विचित्र वाटप पडून गेलं आणि ते आजही पुरतं गेलेलं नाही.

(मध्येच एक. धोंडो केशव कर्वे, पां. वा. काणे, आंबेडकर अशी तीन भारतरत्नं या जिल्ह्याची म्हणून अभिमानाने सांगतात, आणि खरंच आहे ते, पण तिघांचंही काम उभं राहिलं पुण्या-मुंबईला. निर्यात फक्त हापूसचीच नव्हती.)

कोकणी मुसलमानांची गोष्ट थोडी वेगळी. रत्नागिरी जिल्ह्यात त्यांची वस्ती ११ टक्क्यांच्या आसपास, खाडीकाठच्या गावांत जास्त. ही माणसं आधीपासून जहाजावर खलाशी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही जण केपटाउनला जाऊन स्थायिक झाले, आणि १९७० नंतर आखाती देश. दाभोळ, बाणकोटच्या खाडीने जाताना मोठे बंगले आणि दाराला कुलूप असं जे दिसतं त्यातलं बरंचसं या पैशाचं.

मग १८ जानेवारी १९८२. गिरणी संप. अडीच लाख कामगार, साठच्या वर गिरण्या, पुढारी दत्ता सामंत. संप कधी मिटल्याचं कोणी जाहीर केलं नाही, तो विरत गेला, गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि जमिनींवर मॉल नि टॉवर आले. काही जण कायमचे गावी परतले, त्यांच्याकडे गावात शेती होती पण तिच्यावर घर चालत नव्हतं म्हणून तर आजा-पणजा गेले होते ना. बाकीच्यांच्या मुलांनी मिळेल ती नोकरी धरली, कुरियर, सिक्युरिटी, छोट्या कंपन्या, आणि लालबागची खोली विकून किंवा भाडं परवडेना म्हणून दिवा, विरार, बदलापूर. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली त्यात ही माणसं पण आहेत. आणि यावेळी फरक असा पडला की लांब का होईना पण स्वतःचा वन रूम किचन झाला, मग बायको-मुलं पण गावाहून नेली. आधी फक्त पुरुष जायचा, आता कुटुंब उचलून जायला लागलं. २०११ च्या घटीची मोठी जबाबदारी मी या एका बदलावर टाकतो. सिंधुदुर्गात स्त्री-पुरुष प्रमाण दहा वर्षांत १०७९ वरून १०३६ वर आलं तेही याच्याशी जुळतं.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा आता उद्योग येतील असं सगळ्यांना वाटलं. रेल्वेने जाणं सोपं झालं हे खरं.

गावात राहिलेल्यांचा पैसा मुख्यतः आंबा-काजूचा. हापूस जुना, पण आज डोंगरच्या डोंगर कलमांनी भरलेले दिसतात ते १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेनंतरचे, लागवडीचा खर्च सरकारने दिला आणि वरकस रानाला भाव आला. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ चं, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या, वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या तर घरोघरी. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ऐकायला सगळं छान. प्रत्यक्षात बागायतदार नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाशी मार्केटच्या दलालाकडून उचल घेतो, त्या पैशात कल्टार (मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध), फवारण्या, डिझेल, खोकी, मग माल त्याच दलालाकडे पाठवायचा, भाव तो सांगेल तो, आणि एप्रिलमध्ये अवकाळी आला की उचल तशीच पुढच्या वर्षावर. ज्यांची छोटी बाग आहे आणि बघायला माणूस नाही ते सरळ मोहोर बघून बाग कंत्राटाने देऊन टाकतात.

आणि बागेत कामाला कोण, तर नेपाळी. राखण करायला, फवारायला, आंबा काढायला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींवर पण खलाशी म्हणून तेच. चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर. म्हणजे इथला पोरगा विरारहून चर्चगेटला दोन तास लोंबकळत जाणार बारा-पंधरा हजारांसाठी आणि इथे बागेत नेपाळहून माणूस आणणार. लोक याला आळस म्हणतात, मला ते पटत नाही. बागेतलं काम हंगामी, त्यात ना पीएफ ना लग्नाच्या बाजारात पत, नवरा मुंबईला आहे हे वाक्य स्थळ बघताना अजून चालतं, बाग राखतो हे चालत नाही.

जमिनीचं काय, तर कधी एखाद्या वाडीतला सातबारा काढून बघा. वीस गुंठे आणि नावं पस्तीस. पणजोबाच्या चार मुलांची पोरं, त्यांची पोरं, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यातले काही वारलेले आणि वारस लागलेलेच नाहीत, एक बडोद्याला, दोन दुबईला, एकाचा कोणाला पत्ताच नाही. सामायिक असल्यामुळे ना धड कर्ज मिळत ना विकता येत ना कोणी मन लावून कसत, आणि जो गावात राहून कसतो त्याने विहीर मारली की मुंबईहून फोन येतो, विचारल्याशिवाय कशी मारली. मळे पडीक पडण्यात माकडं-डुकरांचा त्रास आहेच, मजुरी परवडत नाही हेही आहे, पण हा कागद निम्मं कारण आहे.

पाण्याचं तर काय सांगायचं. कोयनेचं वीज करून सोडलेलं साडेसदुसष्ट टीएमसी पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाऊन मिळतं आणि त्याच जिल्ह्यात धनगरवाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर.

उद्योगांचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर लोटे परशुरामची रासायनिक वसाहत, जयगडचा वीज प्रकल्प हे झालं, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ ला बंद पडून नंतर सरकारी कंपन्यांनी ताब्यात घेतला, स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना १९९० च्या दशकात विरोधामुळे गेला, जैतापूरचा अणुप्रकल्प वर्षानुवर्षं कागदावर, नाणारची रिफायनरी २०१९ ला रद्द, मग तीच बारसूला आणायचा घाट. कोकणी माणूस प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो अशी एक ओरड असते. पण लोट्याला खाडीत मेलेले मासे ज्यांनी बघितलेत त्यांना शंका येणारच. आणि या वादात गावात राहणारा, मुंबई मंडळात बसणारा आणि प्रकल्पाच्या वासावर आधीच जमीन घेऊन ठेवलेला परप्रांतीय किंवा पुढारी, तिघांचं हित वेगवेगळं असतं, हे बातम्यांत येत नाही. सिंधुदुर्गाला १९९७ ला पर्यटन जिल्हा जाहीर केला, चिपीचा विमानतळ सुरू व्हायला २०२१ उजाडलं.

शिकण्यात मात्र हा भाग पुढे. कोकण बोर्ड २०१२ पासून दहावी-बारावीच्या निकालात दरवर्षी पहिलं. फक्त शिकून झालं की थांबायला काही नाही, आणि पहिलीला पोरं पण नाहीत, जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांचा पट वीसच्या आत.

हे आकडे नुसते अभ्यासाचे नाहीत, त्यांची किंमत चुकवावी लागते. जनगणनेची मोजणी होते फेब्रुवारीत, जेव्हा गाव सगळ्यात रिकामं असतं. गणपतीत तोच गाव दुप्पट भरतो, एसटी हजारोंनी जादा गाड्या सोडते, पाणी, रस्ता, कचरा सगळा ताण ग्रामपंचायतीवर, पण वित्त आयोगाचा निधी ठरतो तो मुख्यतः फेब्रुवारीतल्या डोक्यांवर. त्याहून मोठा फटका मतदारसंघांचा. २००१ च्या आकड्यांवर जी पुनर्रचना झाली त्यात राजापूर लोकसभा मतदारसंघ, मधु दंडवत्यांचा, नकाशावरून गेला, दापोली-गुहागर रायगडला जोडले गेले, विधानसभेचे खेड आणि संगमेश्वर गेले. जागा वाढल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात, जिथे हीच माणसं राहायला गेलीत. आता मोजणी २०२७ ला होणार आहे, ती पण फेब्रुवारीतच, आणि रत्नागिरीत सध्या असलेल्या विधानसभेच्या पाच जागांपैकी किती टिकतात ते त्यानंतरच्या पुनर्रचनेत ठरेल.