पुतळीवर गुडघे टेकून बसलाय तो कोण?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पेढीवर आजीची पुतळीमाळ गाठवायला टाकली होती. सोनारकाकांनी एक पुतळी भिंगाखाली धरली. एक माणूस उभा, दुसरा त्याच्यापुढे गुडघे टेकून, मध्ये निशाणाची काठी. काका म्हणाले, "राम आणि मारुती." मुळात तो उभा आहे तो संत मार्क आणि गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख.

पुतळी हे व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्याला आपण दिलेलं नाव. हे नाणं १२८४ साली निघालं आणि १७९७ साली व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत चाललं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, कस जवळजवळ शंभर नंबरी. पाचशे वर्षं त्यात फारसा फरक पडला नाही, म्हणून अरबी समुद्राच्या काठच्या बाजारांत ते डोळे मिटून घेत. त्यावरची अक्षरं इथं कोण वाचणार? माणसांच्या आकृती दिसल्या, झाली पुतळी. कडी लावली की माळेत ओवायला तयार. पुढे इथल्या कारागिरांनी तसेच ठसे केले, त्यात अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या उरल्या. हल्ली तर पुतळीवर सरळ लक्ष्मीच असते.

मार्को पोलो व्हेनिसचाच. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्याने ठाण्याबद्दल सांगितलंय की इथं व्यापारी सोनं, चांदी, तांबं घेऊन येतात. आमच्या पुतळ्या थेट त्या गलबतांतून उतरल्या असं म्हणायचा मोह होतो, पण आजीच्या माळेवर रेघोट्याच आहेत!

बोरमाळ, जोंधळी पोत यांची नावं सरळ शेतातली. बोरमाळेचे मणी बहुधा पोकळ, आत लाख. मोडीला नेली की वजन बघून तोंड उतरतं.

नथीची गोष्ट मात्र भल्याभल्यांना पटत नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं. तिथल्या सुंदरींच्या गळ्यात, कानात, कमरेला भरगच्च दागिने. पण आपल्या प्राचीन शिल्पांत आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत नाकातला दागिना सापडत नाही, हे पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी १९३८ च्या सुमारास पुराव्यानिशी मांडलं होतं. नऊवारीवर शोभणारी नथ त्या मानाने अलीकडची.

काका म्हणाले, "मोडा, लक्ष्मीच्या नव्या करून देतो." मी फक्त सूत बदलून घेतलं.