फाशी की मरेपर्यंत कैद : बलात्काराच्या शिक्षेची पार्श्वभूमी

बलात्काराची एखादी भीषण घटना उघडकीस आली की महाराष्ट्रातल्या मोर्चांत ‘फाशी द्या’ या घोषणेसोबत ‘चौरंग करा’ अशीही मागणी हटकून होते. तिचा आधार म्हणजे रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडण्याचा शिवाजी महाराजांचा हुकूम, ज्याचे १६४६ सालचे पत्र उपलब्ध आहे. त्या पाटलाला देहदंड मात्र झाला नव्हता, ही गोष्ट घोषणा देणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते.

आजच्या कायद्याचे मूळ १८६० च्या भारतीय दंड संहितेत आहे. इंग्लंडमध्ये बलात्कारासाठी असलेली फाशी १८४१ मध्ये रद्द झाली होती, आणि येथील संहितेच्या कलम ३७६ मध्येही जन्मठेप काळे पाणी किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद एवढीच शिक्षा ठेवण्यात आली. किमान शिक्षा नव्हतीच. ही रचना १२० वर्षांहून अधिक काळ जवळपास जशीच्या तशी राहिली, आणि ती बदलण्यास कारण ठरले ते विदर्भातील एक प्रकरण.

२६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस चौकीत एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर तेथील पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडून दिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र मुकाट्याने सहन करणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणत त्यांना दोषी ठरवले. एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला, देशभर निदर्शने झाली. त्यातून आलेल्या १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराला किमान सात वर्षांची आणि कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरवली. त्याहून महत्त्वाचा बदल पुराव्याच्या कायद्यात झाला : कोठडीत संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरायचे. त्या पिढीतील चळवळीचा भर शिक्षेच्या कडकपणापेक्षा शिक्षा होण्यावर होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातले सर्वांत टिकाऊ काम तेच आहे.

फाशीचा प्रश्न ऐरणीवर आला तो १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर. न्या. जे. एस. वर्मा, न्या. लैला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने अवघ्या महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला आणि फाशीची शिफारस करण्यास नकार दिला. त्याऐवजी अतिगंभीर गुन्ह्यांत उर्वरित नैसर्गिक आयुष्यभराची कैद सुचवली. सरकारने २०१३ च्या कायदादुरुस्तीत दोन्ही मार्ग धरले. पीडितेचा मृत्यू झाला किंवा ती कायमची अचेतन अवस्थेत गेली, तर फाशी शक्य झाली, आणि कलम ३७६-ई नुसार दुसऱ्यांदा बलात्कार करणाऱ्यालाही.

या कलमाची पहिली कसोटी मुंबईतच लागली. शक्ती मिलच्या आवारात २०१३ च्या जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन सामूहिक बलात्कार झाले. मार्च २०१४ मध्ये दोन्ही खटल्यांत दोषसिद्धी झाली आणि एका खटल्यातील निकालाला ‘पूर्वीची दोषसिद्धी’ मानून दुसऱ्या खटल्यात दोन्हीकडे समान असलेल्या तिघांना ४ एप्रिल रोजी फाशी सुनावण्यात आली. पीडितेचा मृत्यू झालेला नसताना या कलमाखाली सुनावलेली ती पहिली फाशी. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम घटनात्मक ठरवले. तरीही नोव्हेंबर २०२१ मध्ये न्या. साधना जाधव आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने ती शिक्षा बदलून मरेपर्यंत कैद दिली, तीही पॅरोल-फर्लोविना, म्हणजे तुरुंगातून तात्पुरती रजाही न देता.

अशी कैद न्यायालयांना सोयीची का वाटते, हे समजण्यासाठी जन्मठेपेविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करावा लागतो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपण सर्रास ऐकतो, आणि फाशीची मागणी बव्हंशी त्यातूनच बळ घेते. वास्तविक जन्मठेप म्हणजे संपूर्ण आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे प्रकरणात १९६१ मध्येच सांगितले होते. चौदा वर्षांची अट १९७८ मध्ये आली, आणि तीही फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात शिक्षामाफी त्याआधी देता येऊ नये म्हणून. सवलत देण्याचा सरकारचा हा अधिकार बाजूला ठेवून ठरावीक वर्षांची किंवा अखेरपर्यंतची कैद सुनावण्याचा मार्ग न्यायालयाने २००८ च्या श्रद्धानंद निकालात काढला आणि घटनापीठाने २०१५ मध्ये तो मान्य केला.

कायदेमंडळांचा कल मात्र फाशीकडेच राहिला. जम्मूतील कठुआ येथे एका लहान मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाल्यानंतर २०१८ मध्ये बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद झाली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये बलात्कारासाठी फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयक मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कारालाही फाशी शक्य आहे. बहुसंख्य प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा, बऱ्याचदा घरचाच असतो; त्याला फासावर चढवणारी तक्रार करण्यास घरचे कितपत धजावतील, आणि खुनाइतकीच शिक्षा असेल तर साक्षीदार म्हणून ती मुलगी जिवंत ठेवली जाईल का, या जुन्या आक्षेपांना विधेयकांवरील चर्चेत क्वचितच उत्तर मिळाले.

कायम झालेली फाशीही अंमलात येतेच असे नाही. पुण्यात २००७ मध्ये एका कंपनीच्या कर्मचारी तरुणीवर तिला कामावर नेणाऱ्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. फाशी सर्वोच्च न्यायालयात २०१५ मध्ये कायम झाली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१७ मध्ये फेटाळला, आणि प्रत्यक्ष फाशीची तारीख पडली ती २४ जून २०१९. त्याच्या तोंडावर उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि पुढल्या महिन्यात या विलंबापोटी दोघांची शिक्षा ३५ वर्षांच्या कैदेवर आणली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि दयेच्या अर्जांचा वेळेत निपटारा करण्यासाठी सर्व राज्यांना स्वतंत्र कक्ष उभारण्यास सांगितले.