पाण्याचं रसायनशास्त्र आणि विद्यापीठातली खुर्ची: स्टुम-मॉर्गन परंपरेची पार्श्वभूमी

१९९९ सालचा स्टॉकहोम जलपुरस्कार दोन प्राध्यापकांना मिळून देण्यात आला. स्वित्झर्लंडचे वर्नर स्टुम आणि अमेरिकेचे जेम्स मॉर्गन. मॉर्गन हे स्टुम यांचे हार्वर्डमधले विद्यार्थी. पुरस्काराच्या समारंभापूर्वीच, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये स्टुम वारले. पाण्यात काय विरघळतं, काय साका होऊन तळाशी बसतं, काय कशाला चिकटतं आणि हे किती वेगानं होतं, याचं गणित मांडता येतं हे या दोघांनी दाखवून दिलं. दोघांनीही आयुष्यातला मोठा काळ प्रशासनात घालवला, ही गोष्ट मात्र त्यांच्याबद्दलच्या लेखनात एखाद्या ओळीत उरकली जाते. मला ती त्यांच्या संशोधनाइतकीच महत्त्वाची वाटते. ती समजण्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

पाणी हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय झाला तो साथींच्या धाकानं. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य मंडळानं मेरिमॅक नदीकाठी लॉरेन्स इथं प्रयोग केंद्र सुरू केलं. वाळूच्या थरातून पाणी किंवा सांडपाणी झिरपवलं तर नेमकं काय होतं, हे तिथं पद्धतशीरपणे तपासलं गेलं. १८९३ मध्ये लॉरेन्स शहरासाठी वाळूची गाळणी उभी राहिली आणि विषमज्वराचे बळी झपाट्यानं घटले. त्याच काळात एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात एलेन स्वॅलो रिचर्ड्स राज्यभरातल्या पाण्याचे हजारो नमुने तपासत होत्या. एमआयटीतून पदवी घेणारी ती पहिली स्त्री. पुढं १९१९ मध्ये एबल वोलमन आणि लिन एन्स्लो यांनी पाण्यात क्लोरीन किती घालायचा हे त्या त्या पाण्याच्या गुणधर्मांवरून ठरवण्याची पद्धत बसवली. वोलमन नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेव्हा या शाखेचं नाव होतं सॅनिटरी इंजिनीअरिंग.

या शाखेनं असंख्य जीव वाचवले. तरीही तिचं बरंचसं ज्ञान अनुभवाचं होतं. तुरटीचंच पाहा. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पण किती घालायची? जलशुद्धीकरण केंद्रात ओळीनं काचपात्रं मांडायची, प्रत्येकात वेगळी मात्रा घालायची, ढवळायचं आणि सगळ्यांत नितळ कोणतं ते पाहायचं. पद्धत चांगली आहे, आजही वापरतात. पण उद्या नदीचं पाणी बदललं तर काय होईल, याचं उत्तर ती देत नाही.

या टप्प्यावर स्टुम आले. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. झुरिक विद्यापीठात गेरोल्ड श्वार्झेनबाख यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. धातूंचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, द्रावणात इतर रेणूंशी कसे बांधले जातात, यातले श्वार्झेनबाख हे मोठे जाणकार. तो वारसा घेऊन स्टुम १९५६ मध्ये हार्वर्डला गेले. तिथं गॉर्डन फेअर हे सॅनिटरी इंजिनीअरिंगचे ज्येष्ठ प्राध्यापक होते, आणि विद्यापीठातल्या प्रशासकीय जबाबदाऱ्याही त्यांनी सांभाळल्या होत्या. अभियंत्यांच्या विभागात शुद्ध रसायनशास्त्राचा माणूस येणं ही त्या काळी सर्रास घडणारी गोष्ट नव्हती. पुढचं सगळं त्या एका नेमणुकीतून निघालं, असं मी म्हणेन.

पहिलं ठळक काम लोहाचं. जमिनीखालच्या ऑक्सिजनविरहित पाण्यात लोह विरघळलेलं असतं आणि पाणी स्वच्छ दिसतं. हवा लागली की ते तांबूस होऊन साक्यासारखं खाली बसतं. १९६१ मध्ये स्टुम आणि फ्रेड ली यांनी या बदलाच्या वेगाचं सूत्र मांडलं. सामू (पीएच) म्हणजे पाणी किती आम्ल आहे याचं माप; तो जितका कमी तितकं पाणी अधिक आम्ल. सामू एका एककानं वाढला की वेग शंभर पटींनी वाढतो. सामू ७ ला काही मिनिटांत उरकणारं काम सामू ६ ला दिवसाहून अधिक काळ घेऊ शकतं. म्हणजे लोह काढण्यासाठी नुसती हवा खेळवून भागत नाही, आधी पाण्याचा सामू पाहावा लागतो. कितीतरी केंद्रांच्या आराखड्यांचा प्रश्न या एका सूत्रानं सोपा केला.

याच सुमारास जेम्स मॉर्गन हार्वर्डला आले. ते स्थापत्य अभियंता. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजमधून पदवी आणि मिशिगन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. १९६२ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून तुरटीच्या त्या जुन्या प्रश्नावर लेख लिहिला. गाळाच्या कणांवर ऋण भार असतो, तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा धन भार तो मारतो आणि कण एकत्र येतात, अशी रूढ समजूत होती. दोघांनी म्हटलं, हे अर्धंच आहे. अॅल्युमिनियमची संयुगं कणांच्या पृष्ठभागाशी रासायनिक बंधानं जोडली जातात. त्यामुळं मात्रा प्रमाणाबाहेर गेली तर कणांवरचा भार उलटा होतो, ते पुन्हा एकमेकांना दूर लोटू लागतात आणि पाणी गढूळच राहतं. केंद्रात काम करणाऱ्यांनी हा अनुभव कितीदा तरी घेतला होता. त्यांना आता त्याचं कारण मिळालं.

मॉर्गन यांचा स्वतःचा प्रबंध मँगनीजवर होता. मँगनीजही ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात विरघळतं आणि पुढं नळाच्या पाण्यात काळपट डाग पाडतं. पण ते लोहासारखं चटकन बसत नाही. मॉर्गन यांना आढळलं की सुरुवात संथ असते. एकदा काळं ऑक्साइड तयार झालं की उरलेलं मँगनीज त्याच ऑक्साइडच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि वेग वाढत जातो. ऑक्साइडचा थर चढलेली जुनी वाळू नव्या वाळूपेक्षा मँगनीज चांगलं का पकडते, हे यावरून कळतं. मला या कामाचं मोल विशेष वाटतं. गाळणीतल्या ज्या काळ्या लेपाकडे घाण म्हणून पाहिलं जातं, तोच इथं खरं काम करत असतो.

१९७० मध्ये दोघांचा ‘अॅक्वाटिक केमिस्ट्री’ हा ग्रंथ आला. १९८१ आणि १९९६ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ लार्स गुनार सिलेन यांनी समुद्राच्या पाण्याला रासायनिक समतोलाचे, म्हणजे प्रक्रिया स्थिरावल्यावर काय किती उरतं याचे, नियम लावून दाखवले होते. स्टुम आणि मॉर्गन यांनी नदी, तळी, भूजल आणि शुद्धीकरण केंद्रातली टाकी या सगळ्यांना एकाच चौकटीत आणलं. त्यातला एक हिशोब पाहण्यासारखा आहे. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं. त्यावरून १ मिलिग्रॅम फॉस्फरसमुळं सुमारे १०० मिलिग्रॅम वनस्पतीद्रव्य तयार होऊ शकतं आणि ते कुजताना सुमारे १४० मिलिग्रॅम ऑक्सिजन खातं. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे एवढासा फॉस्फरस पंधरा लिटर पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतो.

हा हिशोब वर्गातच राहिला नाही, कारण १९७० मध्येच स्टुम मायदेशी परतून इवाग या संस्थेचे संचालक झाले. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाशी जोडलेली ही संस्था १९३६ मध्ये सांडपाण्यासंबंधी सल्ला देण्यासाठी सुरू झाली होती. स्टुम यांनी १९९२ पर्यंत तिचं नेतृत्व केलं आणि तिला जगातल्या आघाडीच्या जलसंशोधन संस्थांच्या पंक्तीत नेऊन बसवलं. स्विस तळी तेव्हा शेवाळानं भरत होती आणि कपडे धुण्याच्या पावडरीतला फॉस्फेट हे त्याचं एक कारण होतं. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडनं त्यावर बंदी घातली. अशी बंदी एका माणसामुळं येत नाही. पण शासनाला आकडे हवे असतात तेव्हा ते देऊ शकणारी, उद्योगांपुढं न झुकणारी संस्था जागेवर असावी लागते. ती तयार ठेवणं हे संचालकाचं काम, आणि त्यासाठी स्टुम यांनी बावीस वर्षं दिली.

मॉर्गन १९६५ मध्ये कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रविद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तिथलेच झाले. १९६७ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीनं ‘एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केलं, त्याचे ते पहिले संपादक. तेव्हा पर्यावरणाचं शास्त्र म्हणजे नेमकं काय हेच ठरायचं होतं. संपादकानं कोणता लेख घेतला आणि कोणता परत पाठवला, यातून नव्या विषयाची इयत्ता ठरत जाते. बाहेरचं वातावरणही बदलत होतं. अमेरिकेत १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली, १९७२ मध्ये स्वच्छ पाण्याचा आणि १९७४ मध्ये सुरक्षित पेयजलाचा कायदा आला. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या योहानेस रोक यांनी दाखवलं की क्लोरीन आणि पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्म तयार होतो. विषमज्वराला हरवणाऱ्या क्लोरीनचीही आता झाडाझडती सुरू झाली. सॅनिटरी इंजिनीअरिंगचे विभाग पर्यावरण अभियांत्रिकीचे होऊ लागले, आणि त्यांना अभियंत्यांइतकीच रसायन आणि जीवशास्त्राच्या माणसांची गरज भासू लागली.

पाण्यावर काम करणारे प्राध्यापक प्रशासनाकडे का ओढले जातात, याचं उत्तर मला इथंच दिसतं. हा विषय कोणत्याही एका विभागाच्या मालकीचा नाही. रसायनतज्ज्ञ, सूक्ष्मजीवतज्ज्ञ आणि प्रवाहांचा अभ्यासक यांना एका टेबलाशी बसवल्याशिवाय साधा शोधप्रकल्पही उभा राहत नाही. हे रोज करणाऱ्याला विद्यापीठ चालवण्याचं निम्मं शिक्षण कामातच मिळतं.

मॉर्गन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकमध्ये विद्यार्थ्यांचे डीन झाले. कॅलटेकनं पदवीच्या वर्गांत मुलींना प्रवेश दिला तो १९७० मध्ये. म्हणजे संस्थेचं रोजचं जगणं बदलत असतानाच हे पद त्यांच्याकडे होतं. १९८० च्या दशकात ते विद्यार्थी व्यवहारांचे व्हाइस प्रेसिडेंट होते. वसतिगृहं, समुपदेशन, शिस्तीची प्रकरणं हे त्यांचं दिवसाचं काम. तरीही प्रयोगशाळा थांबली नाही. १९८२ मध्ये कॅलटेकच्या ज्या गटानं लॉस एंजेलिस आणि बेकर्सफील्डच्या धुक्याचं रसायन प्रसिद्ध केलं, त्यात मॉर्गन होते. धुक्याच्या पाण्याचा सामू २.२ ते ४.० भरला. धुक्याच्या थेंबांत पाणी थोडं, त्यामुळं सल्फेट आणि नायट्रेट त्यांत दाटून राहतात. आम्लवर्षेची चर्चा जगभर चालू होती, पण माणूस ज्या हवेत श्वास घेतो तिथंच त्याहून तीव्र आम्ल असू शकतं, हे या कामानं समोर आणलं.

याआधी, १९७२ मध्ये मॉर्गन आणि फ्रान्स्वा मोरेल यांनी पाण्यातले अनेक रासायनिक समतोल संगणकानं एकाच वेळी सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. मोरेल एमआयटीला गेले आणि तिथं तिची पुढची पिढी घडली. पाण्यातला धातू कोणकोणत्या रूपांत किती आहे हे काढणारे आजचे प्रोग्रॅम याच घराण्यातले.

मोरेल यांच्याकडे शिकलेल्या जॅनेट हेरिंग यांनी इवागमध्ये संशोधन केलं आणि पुढं कॅलटेकमध्ये प्राध्यापक म्हणून काम केलं. पाण्यातलं आर्सेनिक लोहाच्या क्षारांनी कसं काढता येईल हा त्यांचा एक विषय होता. लोहाच्या साक्याच्या पृष्ठभागावर आर्सेनिक चिकटतं, आणि किती चिकटेल हे सामूवर आणि पाण्यातल्या इतर आयनांवर ठरतं. हार्वर्डमध्ये १९६० च्या आसपास लोह आणि तुरटीपासून सुरू झालेला पृष्ठभागाचा अभ्यास इथं एका विषारी द्रव्यावर चालवला गेला. अमेरिकेनं २००१ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली, तेव्हा लहान गावांच्या पाणीपुरवठ्यांना नेमकं हेच ज्ञान हवं होतं.

मॉर्गन २०२० मध्ये वारले. हेरिंग २००७ मध्ये इवागच्या संचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री, आणि २०२२ च्या अखेरीपर्यंत त्यांनी ती संस्था चालवली.