सोलापूरचं ऊन आणि लांबचा सह्याद्री

मे महिना आला की आपल्याकडं सगळ्यांचं एकच, सूर्य डोक्यावर आलाय मग तापणारच की. पण जरा नकाशा उघडून बघा, सोलापूर आणि महाबळेश्वर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साडेसतरा ते अठरा अंशांच्या मधे, त्यामुळं सूर्य दोन्हीकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यातच डोक्यावर येतो. तरी तिकडं लोक थंड हवा खायला जातात आणि इकडं पारा 42 ला टेकतो.

थोडा फरक उंचीचा. आपण समुद्रसपाटीपासून 460 मीटरच्या आसपास, महाबळेश्वर 1350. वर जाल तसं दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात.

मग रत्नागिरी तर अगदी समुद्रकाठी, उंची नाहीच, तरी मे मधे 33-34 च्या पुढं फारसं जात नाही. कारण पाणी सावकाश तापतं आणि तिथला वारा पाण्यावरून येतो. आपण समुद्रापासून 300 किलोमीटर आत, इथं कोरडी जमीन सकाळी दहालाच तापलेली असते. एक फायदा मात्र आहे, हवा कोरडी असल्यामुळं आपला वाळ्याचा कूलर मस्त चालतो, तोच कोकणात नेला तर नुसता घाम, कारण तिथल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलरचं पाणी नीट उडतच नाही.

पण माझ्या मते सोलापूरचा खरा मालक सह्याद्री आहे, सव्वादोनशे किलोमीटर लांब असला तरी. पावसाळ्यात अरबी समुद्रावरनं आलेला वारा त्या भिंतीला धडकून वर चढतो, गार होतो, त्यातली वाफ तिथंच पाणी होऊन कोसळते, महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात. घाट ओलांडला की तोच वारा खाली उतरतो, उतरताना दाबला जाऊन तापतो आणि कोरडा होतो. म्हणून जून-जुलैत आपल्यावरनं ढग नुसते पळत असतात, भुरभुर होते, बास. हा पर्जन्यछायेचा पट्टा म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2018 आणि 2019 ला विमानातनं ढगांत कण सोडून कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापूरलाच केला.

आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. पश्चिमेचा वारा ढिला पडतो, बंगालच्या उपसागराकडनं बाष्प येतं आणि दुपारनंतर गडगडाट करत धो धो. ती ओल काळी जमीन धरून ठेवते आणि त्यावरच मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी थंडीत उभी राहते, पुढं पाऊस नसला तरी.

उजनीचं तर बघाच, धरण माढा तालुक्यात पण भरतं ते पुण्याच्या पलीकडं घाटात पडलेल्या पावसानं, त्यामुळं कधी कधी पंढरपुरात लख्ख ऊन असतं आणि भीमा मात्र दुथडी भरून वाहत असते.