छापील सही की पेनाची सही? क्रिकेटरचा ऑटोग्राफ घेताना हे बघा

क्रिकेटरची सही असलेला फोटो किंवा बॅट विकत घेताना पहिली गल्लत इथेच होते, सही छापलेली आहे की पेनाने केलेली. छापील म्हणजे नकली असं नाही हां, कंपन्या बॅटच्या स्टिकरवर खेळाडूची सही डिझाईन म्हणून छापतातच, फसवणूक तेव्हा होते जेव्हा कोणी तीच 'ओरिजिनल साईन्ड' म्हणून भलत्या भावाला गळ्यात मारतं.

फोटो उजेडात तिरका धरा. मार्करची शाई चकचकीत कागदाच्या वर बसलेली असते त्यामुळे तिची चमक वेगळी दिसते, काळ्या मार्करला बरेचदा जांभळट झाक मारते, छापील सही मात्र बाकीच्या फोटोत मिसळून जाते. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेटवर, म्हणजे छापखान्याच्या मशीनवर, छापलेल्या फोटोत सहीसुद्धा बारीक ठिपक्यांची दिसते, पेनाची रेघ सलग असते आणि रेघेवरून रेघ जाते तिथे शाई सहसा गडद होते. बॉलपेनने केली असेल तर कागदाला खाच पडते. बॅटच्या लाकडावर मार्करची शाई रेषांमधून किंचित फुटते, ते तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं.

पण एवढं करून कळतं ते इतकंच की शाई पेनाची आहे, हात कोणाचा ते नाही! अमेरिकेत एफबीआयने ऑपरेशन बुलपेनमध्ये २००० च्या सुमारास नकली सह्यांची मोठी टोळी पकडली, त्यात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते, आणि मालासोबत सर्टिफिकेटही मिळायचं. त्यामुळे सर्टिफिकेट बघून हुरळून जाऊ नका, ते दिलंय कोणी ते आधी बघा.

हात कोणाचा ते ओळखायला सहीचा वेग बघायचा असतो. सतत सह्या करणाऱ्याचा हात सवयीने पळतो, रेघेचं शेपूट निमुळतं होत सुटतं. नकली सही शाळेतल्या पोराने अक्षर गिरवावं तशी, टोकं बोथट, मध्येच पेन थांबल्याचा शाईचा ठिपका. नुसती थरथर दिसली म्हणून मात्र लगेच नकली ठरवू नका, ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन ९२ वर्षं जगले आणि म्हातारपणीही चाहत्यांना सह्या देत राहिले, म्हणून ताडून बघायला नमुना त्याच काळातला घ्या. आणि कोणी त्यांची १९४८ च्या इंग्लंड टूरवर केलेली सही म्हणून विकतंय आणि ती शार्पी मार्करची आहे, तर तो सौदा तिथेच सोडा, शार्पी बाजारात आला १९६४ मध्ये.