तलावांतील कार्बनचक्र

गोड्या पाण्याच्या तलावात हवेतून, भोवतालच्या जमिनीवरून आणि जलचरांकडून कार्बन येतो. तिथे तो रूप बदलतो आणि अखेर हवेत परततो, गाळात पुरला जातो किंवा पाण्याबरोबर पुढे वाहून जातो. ही सगळी देवघेव म्हणजे तलावाचे कार्बनचक्र. तलाव कार्बन शोषूनच घेत असणार, अशी सर्वसाधारण समजूत. १९९४ मध्ये जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी १,८३५ तलावांचे ४,६६५ नमुने तपासले, तेव्हा त्यांतल्या ८७ टक्के नमुन्यांत हवेशी समतोल राखायला पुरेल त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघाला. म्हणजे बहुतेक तलाव तो वायू हवेत सोडत होते. हा जादा कार्बन मुख्यतः जमिनीवरून वाहून आलेला पालापाचोळा, माती आणि सांडपाणी यांतला असतो. जिवाणू तो कुजवतात.

सोलापूर जिल्ह्यात नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. आहेत ते बांधलेले तलाव: शहरातला सिद्धेश्वर तलाव, आदिला नदीवर १८७१ च्या सुमारास पूर्ण झालेला एकरुख तथा हिप्परग्याचा तलाव, आणि भीमेवरचे उजनी धरण. इथला खडक बेसाल्ट, माती काळी आणि चुनखडीमिश्रित. खडक झिजताना पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खर्च होतो आणि पाण्यात बायकार्बोनेट येते. अशा अल्कधर्मी पाण्यातला बहुतेक अकार्बनी कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मुक्त वायूचा वाटा सामू (पीएच, पाणी किती आम्ल वा अल्क ते दाखवणारा आकडा) ८ असताना दोन-तीन टक्क्यांपुरताच राहतो.

उजनीचे पाणी हिरवे का दिसते हे जिल्ह्यात कोणीही सांगेल. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. हे शेवाळ दुपारी प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड इतका ओढते, की सामू ९ च्या पुढे जाऊ शकतो आणि पृष्ठभाग हवेतला वायू शोषू लागतो. रात्री उलटे होते. शेवाळासह सगळे जीव श्वसन करतात, प्राणवायू घटतो आणि पहाटेपर्यंत पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. मोजणी पाण्यावर पालथी तरंगणारी पेटी ठेवून, आत साठणाऱ्या वायूवरून होते. ती फक्त भर उन्हात केली, तर तलाव उगाच गुणी ठरतो.

मेलेले शेवाळ तळाशी बसते. तिथे प्राणवायू नसल्याने जिवाणू मिथेन तयार करतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची ताकद वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात. खोल पाण्यातून वर येताना बराच मिथेन विरघळून वाटेतच जिवाणूंकडून संपतो. उथळ पाण्यात मात्र तो बुडबुड्यांनी थेट हवेत जातो. पाणी उपसले की तळावरचा दाब कमी होतो आणि अडकलेले बुडबुडे सुटतात.

सोलापूरच्या बाबतीत खरी मेख या पातळीच्या चढउतारात आहे. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी न सोडता तळाशी राखलेले पाणी. अवर्षणाच्या उन्हाळ्यात धरण ‘वजा’त, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली जाते, आणि करमाळा-माढ्याकडचा पाणफुगवटा मागे हटून काळा गाळ उघडा पडतो.  वाळला की वीतभर खोल भेगा पडतात, हवा आत शिरते आणि वर्षानुवर्षे पुरलेला सेंद्रिय कार्बन जिवाणू भराभर जाळू लागतात. त्यामुळे कोरड्या पडलेल्या काठाचे उत्सर्जन बाजूच्या पाण्यापेक्षा जास्त असू शकते. धरणांच्या कार्बन हिशेबात हा काठ बराच काळ धरलाच जात नव्हता. शेतकरी याच जमिनीवर गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी करतात. पीक हवेतला थोडा कार्बन घेते, पण तो धान्य-चाऱ्याबरोबर निघून जातो आणि धसकटे पुढच्या पुरात पुन्हा पाण्याखाली कुजतात.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत उपसलेल्या गाळाचा कार्बन शेतात जातो. तिथे काही भाग चिकणमातीला घट्ट धरून राहतो, काही हवेत उडतो; मशागत आणि ओलावा जितका जास्त, तितका हा दुसरा भाग मोठा.